बोलला तो नट, पडला तो कोण?

आपल्याकडे नटाचं माप जिभेवरून घेतात. संवाद कसा फेकला, स्वगत कसं पेललं, पॉज कुठे घेतला, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला की नाही, यावर रात्र रात्र चर्चा रंगते. नाटकवेड्या महाराष्ट्रात ते साहजिकच आहे. पण तोच नट जिन्यावरून गडगडत खाली आला, तर परीक्षणात त्याच्या वाट्याला अर्धी ओळ येते: ‘हाणामारीची दृश्यं ठीक.’ पडताना त्याच्या चेहऱ्यावर काय होतं, उठताना त्याने कुठल्या हाताचा आधार घेतला, त्यावरून ते पात्र आपल्याला किती कळलं, याची कुणाला फिकीर नसते. रडला तर अभिनय, पडला तर कसरत. ही वाटणी चुकीची आहे, आणि ते दाखवायला एका बाईची कारकीर्द पुरेशी आहे. मिशेल यो.

१२ मार्च २०२३ च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये तिला ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. तेव्हा ती ६० वर्षांची होती. तुमचे दिवस सरले असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, असं तिने त्या व्यासपीठावरून जगभरच्या बायकांना बजावलं. त्या आठवड्यात भल्याभल्यांच्या तोंडून एक वाक्य ऐकलं: ‘देमारपटांतली बाई अखेर अभिनय करायला लागली.’ या ‘अखेर’शी माझं भांडण आहे. ती पहिल्यापासून अभिनयच करत होती. बघणाऱ्यांना तो दिसायला जवळजवळ ४० वर्षं लागली.

तिची गोष्ट मलेशियातल्या इपोह गावातून सुरू होते. जन्म १९६२ चा. चौथ्या वर्षापासून बॅले. तेच शिकायला इंग्लंडला गेली आणि तिथे पाठ दुखावली. नर्तकी होणं संपलं. १९८३ साली ती मिस मलेशिया झाली, पुढच्या वर्षी हाँगकाँगला जॅकी चॅनबरोबर घड्याळाची जाहिरात केली आणि त्यातून सिनेमात आली. पहिल्या सिनेमात भूमिका काय, तर गुंडांपासून वाचवावं लागणाऱ्या सज्जन बाईची. सेटवर ती पुरुषांच्या मारामाऱ्या बघत बसायची. बघता बघता तिला त्यात ताल दिसला. आठ पावलं, वळण, झेप, थांबा. हे तर नृत्य आहे, मग हे मी का करू नये, असं तिने निर्मात्यांना विचारलं.

कारकिर्दीतला हा पहिला निर्णय मला फार मोठा वाटतो. सुंदर दिसण्याच्या जोरावर चार-पाच वर्षं सुखात काढता आली असती. तिने ते सोडून तालमीचा घाम निवडला. स्टंटमनांच्या व्यायामशाळेत जाऊन ती मार खायला शिकली. आधी मार खायलाच शिकावं लागतं, कारण पडद्यावरचा ठोसा खरा वाटतो तो मारणाऱ्यापेक्षा खाणाऱ्यामुळे.

हे जरा नीट सांगतो, कारण इथेच या कलेची मेख आहे. ठोसा मारणाऱ्याची मूठ समोरच्याच्या गालाला लागत नाही, ती समोरून निघून जाते. कॅमेरा अशा कोनात लावलेला असतो की मूठ आणि गाल यांच्यामधली मोकळी जागा आपल्याला दिसत नाही. आता तो ठोसा खरा वाटणं सर्वस्वी खाणाऱ्याच्या हातात असतं. मान वळायला क्षणभर उशीर झाला तर ठोसा खोटा, क्षणभर आधी वळली तरी खोटा. मान वळली, पण डोळे आधीच मिटले, तर माणसाला ठोसा येणार हे ठाऊक होतं असं दिसतं आणि सगळं मुसळ केरात. त्याला ठोसा माहीत असतो, पण माहीत नसल्याचं दाखवायचं असतं. समोरून काय येणार हे पाठ असताना ते पहिल्यांदाच घडतंय असं वागणं. रंगमंचावर शंभराव्या प्रयोगाला उभ्या राहिलेल्या नटाला आपण याच गोष्टीसाठी मानतो ना?

हाँगकाँगमध्ये हे ओळखलं गेलं, त्याला कारण आहे. जॅकी चॅन, सामो हंग आणि पुढे मिशेलचा दिग्दर्शक झालेला कोरी युएन हे सगळे एकाच गुरूच्या, यू जिम-युएनच्या, पेकिंग ऑपेराच्या शाळेत घडले. त्या नाट्यपरंपरेत गाणं, बोलणं, हावभाव आणि लढणं ही नटाची चार अंगं मानतात आणि चारही शिकल्याशिवाय नट पुरा होत नाही. आपण तरी वेगळं काय शिकलो? भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले, त्यात आंगिक पहिलं आणि वाचिक त्याच्यानंतर. शास्त्र आपल्याकडेही होतं. आपण वाचिकाचा देव्हारा केला आणि आंगिकाला अंगणात ठेवलं.

१९८५ चा ‘येस, मॅडम!’ बघा. कोरी युएनने दिग्दर्शित केलेला, सिंथिया रॉथरॉक ही अमेरिकन लढवय्यी बरोबर. शेवटच्या मारामारीत मिशेल वरच्या मजल्याच्या कठड्याला पायांनी अडकून उलटी झोकून देते, काचेचं तावदान फोडून तिचं अंग पलीकडे येतं आणि ती दोघा गुंडांना धरून खाली ओढते. पुन्हा पुन्हा बघावं असं ते दृश्य आहे. हाँगकाँगवाले कॅमेरा मागे ठेवायचे, शॉट लांब ठेवायचे, त्यामुळे चेहरा आणि अंग एकाच चौकटीत दिसायचं. डुप्लिकेटला लपवायला जागाच नव्हती. म्हणून त्या सिनेमांत मारामारी चालू असताना माणूस कसा आहे ते कळतं. ‘येस, मॅडम!’मधल्या पोलीस अधिकारणीचे संवाद मला आज आठवत नाहीत. तिची ती झोकून देण्याची पद्धत मात्र आठवते. पुढचा विचार न करणारी, हट्टी, काम संपल्याशिवाय घरी न जाणारी बाई. ही व्यक्तिरेखा कशाने उभी राहिली? अंगाने.

तीन वर्षांत तिचं नाव झालं आणि १९८८ मध्ये तिने ज्या कंपनीत ती काम करत होती तिच्याच निर्मात्याशी लग्न केलं आणि सिनेमा सोडला. दोन्ही गोष्टी एकदम पूर्ण मनाने करता येणार नाहीत असं तिला वाटलं. ते चूक की बरोबर हे मी ठरवणारा कोण? पुढे घटस्फोट झाला आणि १९९२ मध्ये ती परत आली ती ‘पोलीस स्टोरी ३: सुपरकॉप’मध्ये, जॅकी चॅनच्या बरोबरीने. आता तीस वर्षांची, मधली काही वर्षं कामाबाहेर गेलेली. परत येताना बहुतेक जण सोपं काम धरतात. हिने मोटारसायकल चालवायला शिकून घेतली आणि चालत्या आगगाडीच्या टपावर मोटारसायकलसकट उडी मारली. हा शेवटचा भाग क्वालालंपूरला चित्रित झाला, म्हणजे तिच्याच देशात. तू एवढं केलंस की मला त्याच्यावर ताण करावी लागते, असं जॅकी तिला म्हणायचा, असं ती सांगते. जॅकीने त्याच सिनेमात हेलिकॉप्टरला लोंबकळून शहरावरून प्रवास केला.

त्या सिनेमाची श्रेयनामावली संपेपर्यंत बसून राहा. तिथे फसलेले टेक दाखवले आहेत. व्हॅनच्या टपावरून मिशेल मागून येणाऱ्या गाडीच्या बॉनेटवर पडते. तिथून ती घसरते आणि थेट रस्त्यावर. जॅकी तिला धरायला हात घालतो, पण ती सुटते. गाड्या थांबतात, माणसं धावतात. जमलेला टेक सिनेमात आहे आणि न जमलेला तुमच्या डोळ्यांसमोर आहे. किती सिनेमेवाले आपली चूक प्रेक्षकांसमोर अशी ठेवतात?

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हाड मोडलं म्हणजे अभिनय झाला, असं माझं म्हणणं अजिबात नाही. आपल्याकडे मुलाखतीत दुखापतींची यादी वाचून दाखवायची फॅशन आहे. ती बंद व्हावी. वायर, हार्नेस, पॅड, गाद्या, तालीम ही या धंद्याची साधनं आहेत, ती वापरण्यात कमीपणा नाही आणि ती न पुरवणारा निर्माता गुन्हेगार आहे. १९९६ साली ॲन हुई या दिग्दर्शिकेने स्टंट करणाऱ्या बाईवरच सिनेमा केला, ‘द स्टंट वुमन’. मिशेल त्यात मुख्य भूमिकेत होती. पुलावरून खाली उडी मारायच्या शॉटमध्ये ती इतकी वाईट पडली की सिनेमा सोडून द्यावा असं तिच्या मनात आलं. क्वेंटिन टॅरेंटिनो तिला भेटायला गेला आणि तिच्याच सिनेमांतले प्रसंग तिला एकामागून एक सांगत बसला. आपलं काम कुणीतरी इतकं बारकाईने बघितलंय, हे कळल्यावर तिला पुन्हा हुरूप आला, असं ती सांगते. या बाईला तेव्हा काय हवं होतं ते बघा. तिला कौतुकाचा हार नको होता, आपण काय केलंय ते कळलेला एक प्रेक्षक हवा होता.

१९९७ मध्ये ‘टुमॉरो नेव्हर डाइज’ आला. जेम्स बाँडच्या सिनेमात नायिकेचं काम काय असतं ते सर्वांना ठाऊक आहे. हिने बाँडच्या बरोबरीची चिनी गुप्तहेर उभी केली, त्याच्याआधी पोचणारी, त्याच्याइतकीच हुशार. सिनेमा जगभर चालला. आता हॉलिवूडचे दरवाजे उघडले, असं कुणालाही वाटलं असतं. आणि त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं ती घरी बसली.

काम येत नव्हतं असं नाही. येत होत्या त्या भूमिका त्याच त्या साच्यातल्या होत्या, म्हणून तिने त्या नाकारल्या. हॉलिवूडला चिनी चेहरा हवा होता, माणूस नको होता. तिने सरळ नाही म्हटलं आणि वाट बघितली. महत्त्वाकांक्षा म्हणजे मिळेल ते ओरबाडून घेणं, असा समज आपल्या गल्लीतल्या पोरांपासून ताऱ्यांपर्यंत सगळ्यांनी करून घेतला आहे. ॲक्शन नटाला तर थांबणं सगळ्यात महाग पडतं. गुडघे, पाठ, खांदे हेच त्याचं भांडवल, आणि ते दर वर्षी कमी होत जातं. पस्तिशीतल्या बाईने अशा वेळी दोन वर्षं हातची घालवणं याला जी छाती लागते, ती आगगाडीवर उडी मारायला लागणाऱ्या छातीपेक्षा लहान नाही.

थांबल्याचं फळ म्हणजे आंग ली यांचा ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’. साल २०००. चित्रीकरण सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते आणि तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेला जावं लागलं. परत येऊन तिने काम पुरं केलं. शिवाय मँडरिन भाषा तिची नव्हती. संवाद तिने उच्चार पाठ करून म्हटले. जिभेवरून नट मोजणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. ही बाई परक्या भाषेत बोलत होती आणि तरीही चीनबाहेरच्या प्रेक्षकांना शू लिएन ही विरक्त, शिस्तीची, मनातलं प्रेम कधीच न बोललेली योद्धी पुरती कळली. बोलण्यातून ती जेवढी कळली, त्याहून जास्त उभं राहण्यातून कळली.

तिची आणि चांग त्सियीची तालीमखान्यातली लढत आठवा. चांगच्या हातात ‘ग्रीन डेस्टिनी’, लोखंड कापणारी तलवार. मिशेलच्या हातात काहीच टिकत नाही. ती भिंतीवरून एकेक शस्त्र उचलते, जोडतलवारी, भाला, आकड्यांच्या तलवारी, आणि प्रत्येक शस्त्र त्या तलवारीपुढे निकामी होतं. मधेच ती एक जाडजूड धातूचा दांडा उचलते. तो इतका जड आहे की उगारताना तिचाच तोल जातो. प्रेक्षागृहात हशा पिकतो. त्या एका तोल जाण्यात काय काय आहे ते बघा. ही बाई अमानुष नाही, थकते, चुकते, तिचं वय झालंय आणि समोरची पोर तरुण आहे. शेवटी तिची तलवार तुटते आणि त्या तुटक्या पात्याचं टोक ती त्या पोरीच्या गळ्याला लावते. आणि थांबते. मारत नाही. चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नाही, राग ओसरलेला दिसतो, त्याखाली माया दिसते. पोर त्या थांबण्याचा फायदा घेऊन तिच्या दंडावर वार करते. एवढ्या प्रसंगात संवाद मोजके आहेत. दोन बायकांमधलं सगळं नातं, थोरली-धाकटी, गुरू-शिष्या, मत्सर, आपुलकी, हे सगळं त्या हत्यारांतून बोललं गेलं. लढतीची रचना युएन वू-पिंग यांची. त्या सिनेमाला चार ऑस्कर मिळाली: परभाषिक चित्रपट, छायाचित्रण, कलादिग्दर्शन, संगीत. अभिनयासाठी एकही नामांकन नव्हतं. लढत रचणाऱ्यासाठी तर तेव्हा प्रवर्गच नव्हता.

मधली वर्षं भरभर सांगतो. २०११ च्या ‘द लेडी’साठी ती बर्मी भाषा शिकली आणि आँग सान सू ची झाली. २०१८ च्या ‘क्रेझी रिच एशियन्स’मध्ये तिने श्रीमंत घरातली कठोर आई केली. ही बाई नुसती खलनायिका असेल तर मी करणार नाही, असं तिने दिग्दर्शकाला आधीच सांगितलं होतं. त्या सिनेमात ती एकदाही हात उचलत नाही. तरी माह्‌जाँगच्या टेबलावर ती ताठ पाठीने बसते तेव्हा समोरच्या मुलीच्या पोटात गोळा येतो. ती पाठ बॅलेने घडवलेली आहे. नुसतं बसण्यालाही अंग लागतं.

आणि मग तो ऑस्करवाला सिनेमा. दिग्दर्शक डॅनियल क्वान आणि डॅनियल शायनर्ट यांनी तो आधी जॅकी चॅनसाठी योजला होता. मग मुख्य पात्र बाई करायचं ठरलं. पटकथेत त्या पात्राचं नावही मिशेल ठेवलं होतं. तिने ते बदलायला लावलं. ही कपडे धुण्याचं दुकान चालवणारी, कराच्या कागदपत्रांनी गांजलेली, मुलीशी नीट बोलता न येणारी बाई आहे, तिला स्वतःचं नाव हवं, असं तिचं म्हणणं. ती झाली एव्हलिन. पात्राचा मान ठेवण्यासाठी स्वतःचं नाव काढून घेणारे नट आपल्या माहितीत किती आहेत?

या सिनेमात तिने जे केलं ते मला अजून थक्क करतं. एव्हलिनला लढता येत नाही. म्हणजे जवळजवळ ४० वर्षं लढणाऱ्या बाईने न लढता येणारं अंग उभं करायचं. खांदे पुढे झुकलेले, पावलं घाईची, हात कुठे ठेवावा ते कळत नाही. कर अधिकारणीच्या तोंडावर ती पहिला ठोसा लगावते तेव्हा तिलाच धक्का बसतो. पुढे दुसऱ्या विश्वातलं कौशल्य अंगात उतरतं आणि तेच अंग बदलतं, मणका सरळ होतो, पाय जमिनीला धरतात. दोन्ही अंगं एकाच बाईची आहेत यावर आपला विश्वास बसतो. हे ज्याला मारामारीतलं काही कळत नाही त्या नटाला जमणार नाही, आणि ज्याला फक्त मारामारी येते त्यालाही जमणार नाही. म्हणून म्हणतो, ते ऑस्कर तिला मारामारी सोडून दिल्याबद्दल मिळालेलं नाही. त्यात १९८५ ची काच आहे, १९९२ चा रस्ता आहे आणि २००० चा गुडघा आहे.

तिच्याबरोबर त्या रात्री की हुई क्वानलाही सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. हा लहानपणी ‘इंडियाना जोन्स’मध्ये चमकलेला मुलगा. मोठा झाल्यावर काम मिळेना, म्हणून अभिनय सोडून मारामारीच्या रचनेकडे वळला. २००० च्या ‘एक्स-मेन’मध्ये तो ज्याच्या हाताखाली राबला, तो म्हणजे कोरी युएन, ‘येस, मॅडम!’चा दिग्दर्शक. या सिनेमात कमरेच्या पाऊचने चार-पाच जणांना लोळवणारा त्याचा प्रसंग आहे. आधी तो चष्मेवाला, दबलेला नवरा, आणि क्षणात खांद्यांची रेषा बदलते. पडद्यामागे राबलेल्या त्या सगळ्या वर्षांची कमाई त्या प्रसंगात दिसते. लढती रचल्या होत्या ले बंधूंनी, जे हाँगकाँगचे जुने सिनेमे बघून बघून स्वतःच शिकले. म्हणजे एका पिढीने पडून दाखवलं आणि दुसरीने ते बघून उचललं.

मिशेलचं वर्णन करताना ‘सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळवणारी, आशियाई म्हणून ओळखली जाणारी पहिली’ असे शब्द जपून वापरतात. त्याला मुंबईशी जोडलेलं कारण आहे. मर्ल ओबेरॉन ही नटी १९११ साली मुंबईत जन्मली. १९३५ च्या ‘द डार्क एंजल’साठी तिला याच पारितोषिकाचं नामांकन मिळालं होतं. पण आपण टास्मानियाच्या असल्याचं ती आयुष्यभर सांगत राहिली. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये खरं सांगणं म्हणजे पोटावर पाय. आणि ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स त्याच १९३५ साली मुंबईत चाबूक फिरवत ‘हंटरवाली’ झाली. नादिया! तीही बॅले शिकलेली, सर्कशीत काम केलेली. परळला जिथे पुढे शांतारामबापूंनी राजकमल कलामंदिर थाटलं, त्याच जागेत तेव्हा वाडिया मूव्हीटोन होतं. पुढच्याच वर्षी ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये नादिया आगगाडीच्या टपावर गुंडांना लोळवत होती. सुपरकॉपच्या ५६ वर्षं आधी. स्वतः, डुप्लिकेटशिवाय. थिएटरं डोक्यावर घेतली लोकांनी. पण आपल्या सिनेमाच्या इतिहासात ती गंमत म्हणून येते, अभिनेत्री म्हणून नाही.

आपल्या घरातलंच आणखी एक नाव सांगतो. मास्टर विठ्ठल. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेला, मूकपटांतला तलवारबाज नायक, भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणून गाजलेला. ‘आलम आरा’साठी त्याने आधीच्या कंपनीचा करार मोडला, खटला झाला आणि त्याची बाजू मांडली बॅरिस्टर जीनांनी. १९३१ मध्ये भारताच्या पहिल्या बोलपटाचा नायक झाला तो हा मराठी माणूस. पण उर्दू-हिंदी उच्चार जमेनात, म्हणून सिनेमात त्याला बराच वेळ गुंगीत दाखवलं, असं सांगतात. पडद्याला वाचा फुटली आणि ज्याचं अंग बोलत होतं तो मुका झाला. त्याची किंमत त्या दिवशी जिभेवर ठरली. आपण अजून तिथेच आहोत.

मला कल्पना आहे की आजचे बरेचसे देमारपट या कौतुकाला पात्र नाहीत. नायक संथ गतीने चालत येतो, दहा गुंड आपापल्या पाळीची वाट बघत उभे असतात, प्रत्येक ठोशाला तीन कट, चेहरा एकाचा, पाठ दुसऱ्याची, आणि उरलेलं संगणकावर. असं काम बघून प्रेक्षकाला मारामारी म्हणजे गोंगाट वाटू लागली, तर दोष प्रेक्षकाचा नाही. मी म्हणतो ते इतकंच की वाईट संवाद ऐकून आपण संवादाची कला मोडीत काढत नाही. मग वाईट मारामारी बघून तिच्यातली कला मोडीत का काढायची? ती पारखून घ्या. नटाचं अंग चौकटीत आहे का, मार खाणाऱ्याला चेहरा आहे का, लढत संपल्यावर पात्राबद्दल काही नवं कळलं का. एवढं विचारलं की कचरा आपोआप बाजूला पडतो.

आणि ज्यांचा चेहरा दिसतच नाही त्यांचं काय? ‘शोले’तली बसंती टांगा उधळते तेव्हा अनेक शॉटमध्ये लगाम रेश्मा पठाणच्या हातात होता. टांगा उलटला तेव्हा ती जखमी झाली. आपल्याकडची पहिल्या पिढीची स्टंट करणारी बाई. तिच्यावर सिनेमा यायला २०१९ साल उजाडलं. ‘द शोले गर्ल’, दिग्दर्शक आपला आदित्य सरपोतदार. ४४ वर्षं! तोवर हेमामालिनीच्या त्या टांग्याला टाळ्या वाजवणाऱ्या आपल्यापैकी कुणी विचारलं होतं, तो टांगा हाकतंय कोण?

थोडं बरंही घडतंय. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांनी २०१७ मध्ये ‘पुलीमुरुगन’ या मल्याळी सिनेमाच्या लढतींसाठी पीटर हाइनला गौरवलं. या बाबतीत आपण ऑस्करच्या पुढे होतो, हे आपल्यालाच माहीत नाही. ऑस्करने २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२७ च्या सिनेमांपासून स्टंट रचनेला स्वतंत्र पारितोषिक मिळेल. ते पहिल्यांदा दिलं जाईल २०२८ च्या १०० व्या सोहळ्यात. स्टंटवाल्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं आर्जवं केली होती.

मराठीत तर अंगाची विद्या दारात उभी आहे. मल्लखांब इथला, मर्दानी खेळ इथला. दांडपट्टा फिरवणारी पोरं-पोरी कोल्हापुरात आजही तालमीत घाम गाळतात. ऐतिहासिक सिनेमे आपण हौसेने काढतो. त्या सिनेमांच्या निर्मात्यांना माझं सांगणं आहे की या पोरांना मागच्या गर्दीत भाला धरून उभं करू नका. त्यांना अभिनय शिकवा, त्यांना पात्रं द्या, चित्रीकरणाआधी तालमीचे दिवस आणि त्या दिवसांचे पैसे द्या, विमा उतरवा. आणि नाट्यशिक्षण देणाऱ्यांनी पडायला शिकवणं अभ्यासक्रमाच्या कडेला ठेवू नये, वाचिकाच्या शेजारी ठेवावं.

परीक्षण लिहिणाऱ्या माझ्या मित्रांना एकच विनंती. पुढच्या सिनेमाचं परीक्षण लिहाल तेव्हा फाइट मास्टरचं नाव लिहा, आणि लढत बरी की वाईट एवढंच न सांगता तिच्यातून पात्र कळलं की नाही तेही लिहा.